निळ्या नळाचं पाणी

आज सकाळी निळ्या नळाला गरम पाणी आलं, म्हणजे उन्हाळा लागला.

मस्कतमध्ये उन्हाळा कॅलेंडर बघून येत नाही. तो गच्चीवरच्या टाक्यांमधून खाली उतरतो. दिवसभर उन्हात तापलेलं पाणी पाइपांतून घरात येतं, आणि एप्रिलअखेरच्या एखाद्या सकाळी अर्धवट झोपेत तोंडावर पाणी मारताना माणूस दचकून जागा होतो. त्या दिवशी घरातले गीझर बंद करायचे. बंद गीझरच्या पोटात पाणी मुक्काम करतं, घरातल्या एसीच्या गारव्यात निवतं, आणि लाल खुणेच्या नळातून आंघोळीजोगं गार होऊन बाहेर पडतं. पुढं ऑक्टोबरपर्यंत हाच कारभार. निळी खूण असलेला नळ चटका देणार, लाल खूण असलेला गारवा. इथं राहणाऱ्यांच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात काही उलटं आहे हेच आम्ही विसरून जातो.

मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, या दिवसाचा भारी उत्साह. स्वयंपाकघरापासून सुरुवात करून तो एकेक बटण बंद करत जातो आणि शेवटचं बंद झालं की दोन्ही हात झटकून जाहीर करतो, "यल्ला, खलास! सुरू झाली भट्टी." आजही म्हणाला. मी पॅसेजमधल्या, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बाथरूमच्या दारात टॉवेल घेऊन उभी होते, ती तशीच उभी राहिले.

"काय झालं गं?"

"काही नाही. बाबा आठवले."

त्यानं माझ्या हातातला टॉवेल घेऊन आत टांगला. गीझर बंद करायच्या दिवशी मला माझे वडील आठवतात हे त्याला ठाऊक आहे, आणि त्यावर बोलण्यासारखं आमच्यात काही उरलेलं नाही हेही.

मी इथल्या एका भारतीय शाळेत फिजिक्स शिकवते. उष्णतेच्या धड्यात तापमान आणि रंग यांचं नातं येतं. लोखंडाची सळई तापवत नेली की आधी नुसती झळ लागते, दिसत काही नाही. मग ती काळपट लाल होते, मग केशरी, मग पिवळी, आणखी तापवली तर पांढरी. तापमान वाढेल तसा प्रकाशाचा भर तांबड्याकडून निळ्याकडे सरकत जातो. ताऱ्यांमध्ये तर हा पल्ला आणखी पुढं जातो. तांबडे तारे त्यातल्या त्यात थंड, आपला सूर्य मधला, आणि निळे तारे सगळ्यांत तापलेले. मुलं दरवर्षी हरकत घेतात. त्यांनी जन्मापासून लाल म्हणजे गरम आणि निळं म्हणजे थंड एवढंच पाहिलेलं असतं, एसीच्या रिमोटवर, पाण्याच्या कूलरवर, सगळीकडे. एखादा हुशार मुलगा हात वर करून सांगतो, "मिस, गॅसची फ्लेम ब्लू असते, म्हणून ती जास्त हॉट." त्याच्यावर मी डाफरते. गॅसच्या ज्योतीचा निळा रंग तापल्यामुळं आलेला नसतो, जळणाऱ्या वायूच्या रेणूंचा असतो. आणि उत्तर बरोबर पण कारण चूक, या प्रकाराची मला सगळ्यांत जास्त चीड येते. मग मी म्हणते, "मे महिन्यातले घरचे नळ आठवा." वर्ग हसतो, आणि पुढं परीक्षेत कुणी चुकत नाही. मला वाटतं, अशी उपमा देणारी बाई जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठं मिळायची नाही. पण उपमा माझी नाही. ती माझ्या मुलीची, उत्पलाची, आणि तिला ती बाबांमुळं सुचली.

बाबा नागपूरचे. पाटबंधारे खात्यात आराखडे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आई वारली, त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये ते आमच्याकडे आले, पहिल्यांदाच आणि एकटेच. दादा बदलीच्या नोकरीत, तेव्हा हैदराबादला, आणि बाबा नागपूरच्या घरात एकटे वरणभात शिजवून खायचे. मी फोनवर रडले, भांडले, तेव्हा कुठं जूनअखेरचं परतीचं तिकीट आधीच काढायच्या अटीवर कबूल झाले. "लेकीच्या घरी बापानं किती दिवस राहाचं, याला काही प्रमाण असते," असं म्हणाले. आमचं घर बौद्ध. मुहूर्त, पत्रिका, उपासतापास यांना बाबांनी कधी दारात उभं केलं नाही. पण लेकीच्या घरी राहण्याचा संकोच मात्र कुठल्याशा खिडकीतून आत शिरलेला होता, आणि त्याला बाहेर काढायला तेही विसरले होते.

आमच्या घरात तापट म्हणून मी नावाजलेली. आई म्हणायची, ही नाकावर राग घेऊनच जन्मली. बाबा त्याच्या अगदी उलट. "चालते ना" आणि "होऊन जाते" एवढ्या दोन वाक्यांवर त्यांनी संसार केला. नागपूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळी घरोघरचे कूलर सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि माझ्या अभ्यासाच्या खोलीतला बल्ब टोमॅटोसारखा लाल व्हायचा. वाळ्याचा ओला वास, कूलरची घरघर, आणि त्या लाल उजेडात न दिसणारी अक्षरं. मी पुस्तक आपटायची. बाबा काही न बोलता माझी खुर्ची बल्बच्या बरोबर खाली ओढून द्यायचे आणि म्हणायचे, "एवढ्यात होऊन जाते." वर पाहिलं की बल्बमधली तार उघड्या डोळ्यांनी दिसायची, लालबुंद आणि वेटोळी. ती तेव्हा कमी तापलेली असायची, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर मला वाटायचं, ती रागावली आहे.

तर ते आले, आणि आठवडाभरातच गीझर बंद करायचा दिवस आला. मिलिंदनं बटणं बंद केली, हात झटकले, आणि आम्ही आपापल्या कामाला लागलो. बाबांना नळांचं सांगायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

संध्याकाळचा चहा झाला की बाबा पॅसेजमधल्या बाथरूममध्ये जाऊन बादली भरून ठेवायचे. मी रोज पाहायची. आमच्या नागपूरच्या मोहल्ल्यात उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड यायचा. पाणी भरून ठेवायची सवय आमच्या हाडीमाशी खिळलेली. मी मिलिंदला कौतुकानं सांगितलंसुद्धा, "बघ, इथं चोवीस तास पाणी आहे तरी भरून ठेवतात." मे सरत आला. एका शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी उत्पला हात धुवायला त्या बाथरूममध्ये गेली. बाबांनी बादली लावली होती. तिनं धारेखाली हात धरला आणि किंचाळली.

"आजोबा! किती हॉट आहे हे! तुम्ही ब्लू टॅप का लावला?"

"थंडा तोच आहे ना?"

"समरमध्ये नाही ना! समरमध्ये रेड कोल्ड असतो. आई, तू आजोबांना सांगितलंच नाहीस?"

मी कणकेच्या हातांनी धावत गेले. बाबा बादलीशेजारी उभे होते, पकडले गेल्यासारखे, जणू काही नळ त्यांनीच बिघडवला होता. मी विचारलं, इतके दिवस तुम्ही आंघोळ कशी करताय?

"संध्याकाळी भरून ठेवलं का सकाळपर्यंत होऊन जाते ना कोमट. काही त्रास नाही."

"आणि पहिल्या दिवशी?"

"पहिल्या दिवशी थोडा पाय भाजला. लाल झाला होता. बरा झाला मग."

"अहो मग सांगायचं ना, बाबा!" मी जवळजवळ ओरडलेच.

"मला वाटलं इथं असंच असते. गरम देश आहे."

मी रडले. आधी बाबांवर चिडले, मग मिलिंदवर, मग त्या नळावर लाल-निळ्या खुणा करणाऱ्या कारखान्यावर. बाबा मलाच समजावत बसले की नागपूरच्या माणसाला असल्या पाण्यानं काही होत नाही. तेवढ्यात शेजारच्या रुबीनाभाभी ताटलीत फणसाच्या रसाची सांदणं घेऊन आल्या. त्या रत्नागिरीच्या, त्यांचं कुटुंब आमच्या कितीतरी आधीपासून मस्कतच्या या घुब्रा भागात आहे. सगळा प्रकार ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अगो, तू मास्तरीण ना? आमच्याकडं पावणा आला का पयला नल दाखवायचा, मगे नमाजाची दिशा, किबला." बाबा इतके मोठ्यानं हसले की मी रडायची थांबले. आई गेल्यापासून त्यांचं ते हसणं मी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी सूर्य मावळल्यावर उत्पला त्यांना टाक्या दाखवायला गच्चीवर घेऊन गेली, आणि मागोमाग मीही गेले. अंधार पडला होता तरी गच्चीच्या फरशीतून चपलेला झळ लागत होती. टाकीवर तळहात ठेवला तर ती तापलेल्या अंगासारखी लागत होती. समुद्राकडून दमट वारा, खाली कुणाच्या तरी दारात लोबानाचा धूर, आणि लांबवरच्या मशिदीतून संपत आलेली अजान. बाबांनी मान वर केली.

"ते पाहा, चित्रा. आणि इकडे ती स्वाती."

"आजोबा, तुम्ही अ‍ॅस्ट्रॉलॉजी मानता?"

"नक्षत्र पाहाचे, मानाचे नाही," बाबा म्हणाले.

उत्पला तेव्हा नुकतीच अकरावीत गेलेली. तिचं मराठी चार पावलं चालून इंग्रजीचा आधार घ्यायचं, पण आजोबांशी बोलताना ती हट्टानं मराठी ओढून आणायची. "आजोबा, स्वातीचा कलर ऑरेंज आहे ना? म्हणजे ती कूलर. आणि चित्रा ब्लू आहे, ती व्हेरी व्हेरी हॉट. आपल्या टॅप्ससारखं. ब्लू म्हणजे हॉट."

बाबांनी बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं. "पण स्वाती तर जास्त चमकून राहिली."

"ती जवळ आहे, आजोबा. चित्रा खूप लांब आहे."

"म्हणजे स्वाती तुझी आई. जवळची, चमकणारी, लाल."

"आणि चित्रा तुम्ही," मी म्हटलं.

"मी कुठं तारा-बिरा. मी तर ही टाकी," असं म्हणून त्यांनी टाकीवर थाप मारली. आम्ही तिघंही हसलो. जिना उतरताना मी मनाशी गाठ बांधली की या माणसाला आता सगळं विचारून घ्यायचं, तो सांगेल म्हणून थांबायचं नाही. पण नळ एकदा कळला की माणूसही कळला असं वाटतं, तिथंच फसायला होतं.

जूनचे ते दिवस अजून माझ्या अंगाला चिकटलेले आहेत. बाहेर इतकं ऊन की रस्त्यावरचे रंग उडून गेल्यासारखे दिसायचे, मोटारीच्या स्टिअरिंगला फडकं गुंडाळून हात लावायचा, आणि आत पडदे ओढलेलं घर, एसीचा एकसुरी आवाज, टेबलाशी आजोबा आणि नात. तिच्या प्रकाशाच्या धड्यातल्या आकृत्या ते काढून द्यायचे. पेन्सिलीला इतकं टोक की कागदावर किरण सुईनं ओढल्यासारखे दिसायचे. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून लबान आणि खुबूसच्या रोट्या आणणं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. लबान म्हणजे आपलं ताकच, पण घट्ट, आणि ते त्यांना फार आवडायचं. दुकानातला मल्याळी पोऱ्या त्यांना 'बाबा' म्हणायला लागला. रंगाच्या रिकाम्या डब्यात त्यांनी कढीलिंब लावला आणि दुपारच्या झळांपासून राखायला त्याला ओलं गोणपाट बांधलं. इमारतीतल्या शाळकरी पोरांची नावं त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक झाली. शाळेतून मी चिडून, घामानं भिजून परत यायचे, आणि दार उघडताच कुणीतरी म्हणायचं, "आली का? चहा ठेवतो." लग्नानंतर इतक्या वर्षांत मला घरी येऊन आयता चहा मिळाला तो तेवढ्याच दिवसांत.

एकदा ते रुबीनाभाभींना विचारत होते की ओमानच्या दक्षिणेचं सलाला कसं आहे. भाभी म्हणाल्या, "ऑगस्टात जावा. पाऊस, धुकं, समदं हिरवंगार. कोकणच वाटल." बाबा म्हणाले, "ऑगस्टमध्ये का? बरं, बरं." मी भाजी चिरत ऐकत होते. जूनअखेर परत जाणारा माणूस ऑगस्टची चौकशी कशाला करतो, हे माझ्या मनात आलं नाही. वाटलं, म्हाताऱ्या माणसांना गप्पांना काहीतरी लागतं.

जायच्या आधीच्या आठवड्यात आम्ही त्यांना अल हैलच्या समुद्रावर नेलं. उन्हं कलली की तिथं बायामाणसं, पोरं, चहाचे थर्मास, सगळं वाळूवर उतरतं. मासेमारीच्या होड्या ओढून ठेवलेल्या होत्या. बाबा पँट दुमडून पाण्यात उभे राहिले. समुद्रही कोमट होता. उत्पला ओरडली, "आजोबा, हा पण ब्लू टॅप आहे!" मिलिंद तिच्यामागं गेला आणि मी बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मला त्यांना ठेवून घ्यायचं होतं. महिनाभर नाही, कायमचंच. कागदपत्रांचं मिलिंदनं मला न सांगता विचारूनही ठेवलं होतं, जमण्यासारखं होतं. पण एकदम कायमचं म्हटलं तर ते बिचकतील असं वाटून मी म्हणाले, "बाबा, अजून थोडे दिवस राहा ना. तारीख बदलून घेऊ."

बाबा होड्यांकडे पाहत होते. "नाही. घर बंद आहे. पावसाळा येऊन राहिला, गच्चीचं पाहावं लागते."

"बरं," मी म्हणाले.

एवढंच. अगदी तोललेलं, समंजस 'बरं'. परत येताना गाडीत बाबांना मागं डुलकी लागली होती, तेव्हा मिलिंद हळू आवाजात म्हणाला, "त्यांचं मन तिकडंच आहे. मनाविरुद्ध ठेवू नये माणसाला." मलाही ते पटलं. आम्ही दोघं शिकलेली, परदेशात रुळलेली माणसं. समोरचा नाही म्हणाला की नाही, पुन्हा पुन्हा विचारून त्याला भीड घालायची नाही, हे आम्हाला सभ्यपणाचं वाटायचं. मला त्या 'बरं'चा थोडा अभिमानही वाटला होता. नेहमीची मी असते तर भांडले असते, रडले असते, तिकीट फाडलं असतं. त्या एका संध्याकाळी मी थंड वागले.

ते गेले. विमानतळावर उत्पलाच्या डोक्यावर हात ठेवून आत जाताना दोनदा मागं वळून पाहिलं, आणि आम्ही हात हलवत राहिलो. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर घर थंडगार होतं; एसी दिवसभर रिकाम्या घरावर चालू राहिला होता. मी स्वतःसाठी चहा ठेवला आणि तो ओट्याशी उभ्यानंच प्यायले.

त्यानंतर ते नागपूरला दोन पावसाळे एकटे राहिले. मग एकदा जिन्यात पडले, मग हृदयाचं निघालं, मग पुण्याला बदलून आलेल्या दादानं त्यांना आपल्याकडे नेलं. आता डॉक्टर त्यांना विमानात बसू देत नाहीत. उत्पलाही शिकायला गेली. आम्ही दर सुट्टीत पुण्याला जातो, भेटतो, चार दिवस राहून येतो. वाईट काहीच नाही. दादा-वहिनी त्यांचं सगळं नीट करतात. पण मी शाळेतून येऊन दार उघडावं आणि आत बाबा असावेत, हे या जन्मात पुन्हा होणार नाही. याला चूक म्हणावी, तर कुणाची? विचारणारी मी होते, नाही म्हणणारे ते होते. चूक सापडली असती तर माफी मागून मोकळं होता आलं असतं. इथं नुसती हळहळ आहे, आणि ती दर एप्रिलला पाइपातून खाली येते.

साथीच्या दिवसांत इथल्या मॉलच्या दारात उष्णता दाखवणारे कॅमेरे लावले होते. पडद्यावर आपण लाल, पिवळे, निळे दिसत पुढं सरकायचो आणि मुलं त्यात स्वतःला शोधायची. ते रंग खोटे. कुणीतरी बसून ठरवलेले, आणि तेही लाल गरम, निळं थंड असेच. खरं सांगायचं तर माणसाच्या तापमानाला रंगच नसतो. लालच्याही अलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश आपण सगळेच दिवसरात्र बाहेर टाकत असतो. तापट माणूसही तेवढाच आणि शांत माणूसही तेवढाच. तो पाहता येत नाही. अगदी जवळ हात नेला तर ऊब म्हणून लागतो, बस. म्हणून बाबांना निळा तारा म्हणणं मला कितीही आवडत असलं तरी मी वर्गात ते खपवून घेणार नाही. तेही उत्तर बरोबर, कारण चूक. बाबा निळे नव्हते की थंड नव्हते. ते फक्त दिसत नव्हते, आणि मी त्या संध्याकाळी वाळूवर त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

आज शाळेत काही शिकवता आलं नाही. मुलांना गणितं घालून दिली आणि खिडकीबाहेर पाहत बसले. घरी आल्यावर चहासुद्धा न करता पुण्याला फोन लावला. दादा-वहिनी कामावर होते, बाबांनीच उचलला. आवाज बारीक झाला आहे, पण डोकं लख्ख आहे. तिकडचं ऊन, इकडचं ऊन, उत्पलाचा फोन आला होता का, असं सगळं झालं. मग मी विचारलं. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं, कारण उत्तर काय येईल याची भीती वाटायची.

"बाबा, त्या वर्षी तुम्हाला इथंच राहायचं होतं का?"

पलीकडे त्यांनी पंखा बारीक केला असावा, खरखर कमी झाली.

"आता कायले विचारते ते?"

"सांगा ना."

"हो," बाबा म्हणाले. "राहाचं होतं."

इतकं सरळ. "मग अल हैलला मी विचारलं, तेव्हा नाही का म्हणालात?"

"पहिल्यांदा माणूस नाहीच म्हणते, बेटा. लेकीच्या घरी तर म्हणतेच. पोळी वाढताना पण दोनदा म्हणतो आपण." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, कुणा दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसे सांगत होते. "मी वाट पाहिली ना. मनात म्हटलं, घरी गेल्यावर म्हणेल. मग वाटलं, जावई म्हणतील. विमानतळावर पण वाटलं, म्हणतील आता."

मग माझ्या तोंडून जे निघालं ते जुन्या, भांडखोर मुलीच्या आवाजात निघालं.

"बाबा, आता या."

"नाही. आता कुठं."

"या ना. डॉक्टरांशी मी बोलते. मी स्वतः येते न्यायला, व्हीलचेअर मिळते, सगळं करतात ते लोक."

"नाही, बेटा."

"या ना, बाबा."

ते हसले. अगदी हळू, मी रडायला लागले की हसायचे तसे.

"आता कितीदा पण विचार," बाबा म्हणाले. "आताचं 'नाही' खरं आहे."